होडीवाला असं बोलतच नाही

अहो,

तुम्हाला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. बोलून मोकळी होणारी बाई मी. पण दोन खोल्यांच्या भिंतींशी किती बोलणार? आणि आज तुमची एक लबाडी सापडलीय. ती तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. चौथीपर्यंत शिकलेय, चुका काढत बसू नका.

आपला तो बेटाचा गेम आठवतो ना? ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर रिक्षात मांडीवर घेऊन मनवेलपाड्याच्या घरी आलात, त्यात होता तो. बेटावरचा दिवा विझलाय, तो पेटवायचा. तिथे एक होडीवाला, एक खाणावळ चालवणारी बाई. आता तोच गेम घासूनपुसून नवा काढलाय. मयुरी पुण्याहून आली ती लॅपटॉपवर टाकूनच. "आई, तू आणि बाबा खेळायचात ना, तोच."

काय ते चित्र! पाणी हलतं, झाडाचं पान न् पान दिसतं. मला नाही आवडलं. पण त्यात एक बटण आहे, दाबलं की जुनं ठोकळ्याठोकळ्यांचं बेट परत येतं. मग जिवात जीव आला.

माऊस माझ्याकडे असायचा. दिसेल त्याच्यावर टिचकी, मिळेल ते पिशवीत. दोरी, फुटका आरसा, मेलेला मासा. तुम्ही म्हणायचात, "अगं, लोकांच्या घरात शिरलोय आपण, जरा लाज बाळग." मी म्हणायची, "लागेल कधीतरी." आणि लागायचंच ना?

इंग्रजी मला कुठे येतं. तुम्ही वाचायचात, मराठीत सांगायचात. आज सकाळी मयुरीला म्हटलं, होडीवाल्याकडे चल, तो खाणावळवालीशी काय गोड बोलतो बघ. तिने वाचलं, "हवा बरी आहे. नाणं आहे का?"

मी म्हटलं, पुढचं वाच. म्हणे, पुढे काही नाहीच.

"अगं, तो म्हणतो ना, तुझ्या हातचं कालवण खाल्लं की होडीत पाय टाकवत नाही?"

"आई, असं कुठेच लिहिलेलं नाहीये."

मी तिच्यावरच खेकसले. नीट वाच, एवढी शिकवली कशाला तुला? तिने तीनदा वाचून दाखवलं. हवा बरी आहे. नाणं आहे का.

मग मला तव्याचा दिवस आठवला. हात चांगलाच पोळला होता. तुम्ही जेवलात, एक अक्षर बोलला नाहीत. मी धुसफुसत गेमला बसले, आणि होडीवाला खाणावळवालीला म्हणाला, "हात भाजलाय तुझा. भांडी राहू दे आज." मला वाटलं, बघा, हिचाही भाजला! एवढी कशी येडी मी?

आणि तुम्ही? बाजूला खुर्चीवर बसून ते होडीवाल्याच्या तोंडी घालायचं? सरळ माझ्याकडे बघून बोलायला काय झालं होतं? भाजी अळणी झाली तर बरं लगेच तोंड उघडायचं.

मयुरी संध्याकाळी गेली, लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून. म्हणाली, दिवा कसा लावायचा ते मोबाईलवर शोधून देते. नको म्हटलं. आता इथे मी आणि तो ठोकळ्यांचा होडीवाला. टिचकी मारली की तोंड हलवतो. काय म्हणतो ते मला आता माहीत आहे, म्हणून तर घर जास्तच रिकामं वाटतं. तुमचा होडीवाला कुठल्या दुकानात मिळणार मला? तो तुमच्याबरोबरच गेला.

तुम्ही ते बोलायचात तेव्हा मी काय म्हणायची, आठवतं? "पुढे दाबते, भाकऱ्या व्हायच्यात." त्या खाणावळवालीने कधी उत्तर दिलंच नाही. मी देऊच दिलं नाही.

दिवा मी लावणार आहे, वेळ लागला तरी चालेल. पण शब्द देते, होडीवाला आला की आधी तुमचं वाक्य मी मोठ्याने म्हणणार. मग खाणावळवालीचं. तिचं बोलून होईपर्यंत पुढे दाबणार नाही.

तुमची,
सुलू