कल्याण बंदर, पाण्याच्या वाटेने

२६ सप्टेंबर १९५४, रविवार. डोंबिवली.
दौलत जेवायला आला होता. हिचा, म्हणजे बायकोचा, रतनचा भाऊ. कल्याणला सायकलचं दुकान. जेवताना त्यानेच बंदराचा विषय काढला म्हणून मी अडतीस सालचा प्रसंग सांगितला. मीठ खात्यात होतो तेव्हाचा. ठाण्याहून मालाच्या शिडाच्या पडावाने कल्याण बंदरला चाललेलो, मुंब्र्याजवळ पडाव कलंडला आणि मी तो हाकणाऱ्या धाकू तांडेलाला केसांना धरून काठावर ओढून आणलं. रतनने मध्येच आमटी वाढली. तिने हा प्रसंग पुष्कळदा ऐकलाय.
दौलत म्हणाला, भाऊजी, धाकू अजून बंदरावर असतो, दहा तारखेच्या रविवारी होडीने जाऊन भेटू या का? मी म्हणालो, अवश्य.
घास जरा अडकला. मिरची असावी.
धाकू आहे तर अजून. चांगलंच आहे.

२८ सप्टेंबर, मंगळवार.
कल्याण बंदर माझं अत्यंत आवडतं ठिकाण. दर हिवाळ्यात दौरा असायचा. पन्नास-पन्नास पडाव लागलेले, डोलकाठ्यांचं रान, मिठाच्या राशी, नवीन कौलांचा वास. असं बंदर मुंबई सोडून कुठे नाही.
सोळा वर्षांत जाणं झालं नाही. गाडीने दहा मिनिटं. पण वेळच मिळत नाही.

२ ऑक्टोबर, शनिवार. सकाळ.
पूर्वतयारी. घंगाळात तोंड बुडवून श्वास रोखायची प्रॅक्टिस केली. अकरापर्यंत आकडे झाले. बारावा चालू असताना हिने पाठीवर हात ठेवला आणि मी सगळं पाणी सांडलं. काय करताय, म्हणाली. नाक साफ करतोय म्हणालो.
पोहायला मला येतं. फक्त सराव नाही.

६ ऑक्टोबर, बुधवार.
प्रकृतीची काळजी म्हणून तीन दिवस संध्याकाळी दही खाऊन ओल्या केसांनी गॅलरीत बसतोय. सर्दी झाली असती तर नाइलाज होता. सर्दी रतनला झाली. म्हटलं, तुझ्या तब्येतीपुढे प्रोग्राम महत्त्वाचा नाही, कॅन्सल करू. ती म्हणाली, खाडीची हवा चांगली असते.
हट्टी बाई आहे.

९ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळ.
भीती मुळीच नाही. मी फक्त शक्यतांचा विचार करतोय. धाकू आता साठीचा असेल. या वयात माणसाला नीट आठवत नाही. त्याने उलटंसुलटं काही सांगितलं तर त्याचा दोष नाही. शिवाय गढूळ पाण्यात कोणी कोणाला धरलं हे ठरवणं तसं कठीणच. मी त्याला धरलं होतं एवढं नक्की.
ठराव: उद्या बंदरावर बोलणं मी करायचं. धाकूला बोलू द्यायचं नाही.

१० ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ७.
आंघोळ दोनदा झाली. नखांतला चिखल जात नाही.
क्रमाने लिहितो.
नऊला निघायचं होतं. होडीवाला भिवा, दौलत आणि रतन काठावर तयार. मी चष्मा विसरलो म्हणून घरी परत गेलो. मग छत्री. मग कुलूप नीट लागलंय का ते पाहायला. साडेअकरा झाले. भिवा म्हणाला, भरती संपत आली, आता उशीर करू नका. मी म्हटलं, मीठ खात्यातल्या माणसाला भरती-ओहोटी शिकवू नकोस. त्याने वल्हं उचललं.
होडी काठ सोडताना जी हलते ती अनावश्यक हलते. मी दोन्ही हातांनी फळी धरली होती. रतनने विचारलं, बरं वाटतंय ना? मी मान हलवली. तोंड उघडलं नाही. ही माझी जुनी सवय, पाण्यात मी मौन पाळतो.
दुर्गाडी किल्ला दिसायला लागला आणि पाणी उतरायला लागलं. भिवा उजव्या अंगाने जात होता. मी म्हटलं, खोल धार डावीकडे आहे, डोळे मिटून सांगतो. डोळे खरंच मिटलेले होते. भिवाने नाइलाजाने होडी वळवली. शंभर हात गेलो आणि होडी चिखलात बसली. धार होती, पण सोळा वर्षांपूर्वी.
होडी एका अंगाला कलली. थोडीशीच, असं आता तिघंही म्हणतात. मला अडतीस साल आठवलं. तेच कलणं, तोच फळीचा करकर आवाज. मी उडी मारली.
गुडघे, मांड्या, कंबर. खाली काही लागेना. भिवा ओरडला, हलू नका! मी हलत होतो. मला वाटतं मी आई म्हणूनही ओरडलो. रतन वाकून माझा हात धरू बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडलेला. आयुष्यात एवढा घाबरलो नाही. म्हणजे एकदाच.
बंदराकडून एक म्हातारा चिखलावर फळी टाकत, तिच्यावर पोटाने सरपटत आला. माझ्या काखेत हात घातला आणि मुळा उपटावा तसं मला उपटलं. मग माझ्या तोंडावरचा चिखल पुसला, बघितलं आणि म्हणाला, अरे! परत तुम्हीच काय?
धाकू.
बंदरावर त्यांनी मला बसवलं, गोणपाट दिलं. मी चहूकडे बघत राहिलो. बंदर कुठे होतं? पडाव मोजले. सात. पायऱ्या अर्ध्या गाळात. कौलांची वखार बंद, दाराला गंज. मिठाच्या राशींच्या जागी रेतीचे ढीग आणि त्यांच्यामागे ट्रकांची रांग. निर्वासितांच्या छावणीतली एक बाई पापड वाळत घालत होती, तिने मला पाणी दिलं. बंदरावरच्या जुन्या मुकादमाची चौकशी केली तर कोणाला ठाऊक नाही. धाकू म्हणाला, माल आता रस्त्यानं जातो, पाण्याला कोण विचारतो? तो स्वतः जाळी दुरुस्त करतो. मला एकदम थंडी भरली. चिखलाची नव्हे. जे बंदर मी रोज लोकांना सांगतो ते कुठेच नाही आणि ते बघितलेला माणूस म्हणजे फक्त हा धाकू.
तेवढ्यात दौलतने सगळ्यांसमोर धाकूला विचारलं, तात्या, अडतीस साली आमच्या भाऊजींनी तुम्हाला बाहेर काढलं ना?
माझे दात वाजत होते. चार-पाच माणसं जमलेली. रतन जमिनीकडे बघत होती. धाकूने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, हो तर. तवा यांनी मना काढला, आज मी यांना काढला. फिटंफाट.
परत गाडीने आलो.

११ ऑक्टोबर, सोमवार.
ऑफिसात सांगितलं. प्रत्यक्ष धाकूने साक्षीदारांसमोर कबूल केलं, आता विषय संपला. चिखलाचा भाग आटोपता घेतला. सर्व काही उत्तम. फक्त जेवण जात नाही.

१२ ऑक्टोबर, मंगळवार.
धाकू खोटं का बोलला?
म्हणजे, बोलला असेल तर.

१३ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळ.
रतन तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, अडतीस सालच्या त्या प्रसंगात एक-दोन बारीक दुरुस्त्या आहेत. ती सूप हलवत राहिली. मी सुपातले दोन खडे वेचून बाजूला ठेवले. शेवटी म्हटलं, मी त्याला काढलं नाही. मी त्याच्या मानेला मिठी मारली, त्यालाही खाली घेऊन चाललो होतो.
ती म्हणाली, माहीत आहे.
म्हटलं, धाकूने सांगितलं?
नाही म्हणाली. त्या दिवशी तुम्हाला घरी आणलं तेव्हा तुमची उजवी मूठ उघडत नव्हती. मी गरम पाण्यात धरून उघडली. आत त्याच्या सदऱ्याची अख्खी बाही होती. शिवणीपासून फाटलेली.
सोळा वर्षं. मी शेजाऱ्यांना सांगायचो, पाहुण्यांना सांगायचो, तिच्या वडिलांना दोनदा सांगितलं. दर वेळी ती आमटी वाढत राहिली. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, सांगताना तुमची भीती जायची. मला वाटलं, असू दे.
मग सांगितलं की दर दिवाळीला ती धाकूसाठी एक नवा सदरा शिवते आणि दौलतच्या हाती पाठवते. या वर्षी तुम्ही घेऊन जा, म्हणाली.
जाईन म्हटलं. गाडीने. एकटाच जाईन.
उद्या कापड आणतो म्हटलं, माप काय त्याचं? ती उठली, सूप भिंतीला टेकवलं आणि म्हणाली, एवढं घट्ट धरलं होतंत, तुम्हालाच ठाऊक असेल.
छाती छत्तीस असावी.