डाव्या पायाचा जोडा ठेवून जावे

गल्लीत मला धारवाली आत्या म्हणतात. हे नाव माझ्या पटाश्यांवरून पडलं की जिभेवरून, याची चौकशी मी कधी केली नाही. वय एकसष्ट. कालच एका दाराला बिजागरीची खाच मारली आणि बिजागरी नुसत्या अंगठ्याने दाबल्यावर जागेवर बसली, म्हणजे हात आणि नजर शाबूत आहेत. डोकंही शाबूत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे, कारण माझा थोरला भाऊ नेमकी तीच शंका काढणार. कोणाच्या सांगण्यावरून नाही, कोणाच्या भीतीने नाही, माझ्या मर्जीने आणि थोड्या रागाने मी हे मृत्युपत्र लिहीत आहे. मजकूर वकीलबाईंनी तपासला आहे. राग तेवढा काढून टाका म्हणाल्या, पण तो मी राहू दिला आहे.

कलम पहिले. घर.
माझं राहतं घर दोन खोल्यांचं आहे. मागे स्वयंपाक आणि झोपणं, पुढे कामाची खोली. ते मी लोकांची दारं-खिडक्या करून घेतलं आहे, त्यात वडिलोपार्जित काही नाही. नवरा चांगला होता, लवकर गेला. मूलबाळ नाही. हे घर मी माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, देत आहे. मागच्या खोलीत तिने राहावं किंवा भाडेकरू ठेवावा. मात्र भाडेकरूला करवतीच्या आवाजात झोप लागते का, ते आधी विचारावं. पुढची खोली आहे तशीच राहील. तिचं दार रस्त्याकडे उघडतं, ते उघडतंच राहिलं पाहिजे.

कलम दुसरे. हत्यारं.
पुढच्या खोलीची उत्तरेकडची भिंत म्हणजे माझी खरी मिळकत. करवती, रंधे, पटाश्या, गिरमिटं, गुण्या, शिकंजे, कानशी, हातोड्या. प्रत्येकाच्या मागे भिंतीवर त्याचा आकार काळ्या रंगात काढलेला आहे. हत्यार बाहेर गेलं की आकार उघडा पडतो. ही वडिलांची पद्धत. ते म्हणायचे, "जे नाही ते दिसलं पाहिजे."

त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांची अर्धवट राहिलेली कामं मी पूर्ण केली. दादा तेव्हा फर्निचरचं दुकान काढायच्या गडबडीत होता. वडिलांनी शुद्धीत असताना, शेजारच्या शिंप्यासमोर, ही सगळी हत्यारं मला दिली. शिंपी अजून हयात आहे, त्याची स्मरणशक्ती उत्तम आहे, आणि तो दादाला घाबरत नाही.

कलम तिसरे. देण्याघेण्याचे नियम.
ही हत्यारं मी लोकांना वापरायला देते. ओळखीच्याला देते, ओळखीच्याच्या ओळखीच्यालाही देते. कोणाला फळी ठोकायची असते, कोणाचं दार अडकतं, कोणाला पाळणा दुरुस्त करायचा असतो. वर्षातून दोनदा लागणारी करवत प्रत्येकाने विकत का घ्यावी? पैसे घेत नाही. भाडं म्हणजे धार: हत्यार नेलं तसं नाही, धार लावून परत आणायचं. लावता येत नसेल तर इथेच धारेच्या दगडाशी बसायचं, मी शिकवते. आणि तारण म्हणून नेणाऱ्याने डाव्या पायाचा जोडा ठेवून जायचं. हत्यार आणा, जोडा न्या.

लोक हसतात. पण एकाच पायातल्या जोड्याने माणूस किती दिवस काढेल? नाही तर ऐपत असलेल्यांनाच घेतलेल्या वस्तू विसरायची सवय फार.

कलम चौथे. हा नियम कुठून आला.
वडील गेल्यावर नातेवाईक जमले होते. हत्यारांचं काय करायचं हा विषय निघाला. मी म्हटलं, माझी आहेत, मी वापरणार. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईच्या हातात रंधा? पायातली वहाण पायातच बरी." वहिनी तेवढी उठून आत गेली.

पुढच्या आठवड्यात तोच दारात उभा.
"दुकानाचं दार घासतंय. बाबांचा लांब रंधा दे. दोन दिवसांत आणून देतो."
"जोडा ठेव."
"काय?"
"डाव्या पायातला. ती वहाण माझ्याकडे राहू दे, म्हणजे रंधा परत येईल."
तो मोठ्याने हसला. जोडा काढून माझ्या बाकावर फेकला. "घे, तुला शोभेल," म्हणाला, आणि हातात रंधा, एका पायात नुसता मोजा, असा उड्या मारत स्कूटरकडे गेला.

रंधा आजतागायत आलेला नाही. दुकानात काचेच्या पेटीत ठेवला आहे, खाली पाटी: "आमच्या संस्थापकांचा रंधा." तो रंधा वडिलांनी स्वतः घडवला होता. त्याच्या मुठीवर अंगठ्याचे दोन खळगे आहेत. एक त्यांचा, एक माझा. दादाचा नाही. काचेतून ते दिसत नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाचा डावा जोडा ठेवून घेते. नियम त्याच्यावरून पडला, उपयोग सगळ्या गल्लीला झाला.

कलम पाचवे. हे मृत्युपत्र आत्ताच का.
मागच्या महिन्यात दादा आला. सोबत काचवाला, त्याच्या हातात माप घ्यायची टेप. दोघं सरळ भिंतीला भिडले.
"हे काय चाललंय?"
"अगं, तुझ्या पश्चात हे सगळं दुकानात लावायचं म्हणतोय. वर बाबांचा फोटो, आतून दिवे. बघत राहतील लोक."
"मी अजून आहे, दादा."
"हो गं! नुसतं माप घेऊन ठेवायला काय जातंय? अशी गल्लीत वाटत बसलीस तर एक दिवस काही उरणार नाही."

तो माझ्यापेक्षा मोठा आहे, पण आधी मीच जाणार हे धरून चालला आहे. काचवाला बिचारा ओशाळला. टेप गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाला, "आत्या, तुमच्याकडे काच घासायची कानस मिळेल का?" दिली. त्याचा जोडा सध्या माझ्याकडे आहे.

तर दादा, तुला लेखी कळवते. हत्यार हातात नसलं की गंजतं. काचेत ठेवलं तर गंजतानाही छान दिसतं, एवढाच फरक. बाबांची आठवण मला दिवे लावून ठेवायची नाही. ती लोकांच्या दारांना, पाळण्यांना लागत राहावी.

कलम सहावे. भाची.
सर्व हत्यारं मी भाचीला देत आहे. ती दवाखान्यात परिचारिका आहे. "आमच्या बाबांच्या दुकानात सगळं भुसा दाबून केलेलं असतं," म्हणून तिने स्वतःचं पुस्तकांचं कपाट स्वतः करायला घेतलं आणि माझी रुंद पटाशी नेली. परत आणली तेव्हा चेहरा उजळलेला. "आत्या, भाडं दुप्पट देतेय. दोन्ही बाजूंनी धार लावली!"

जाणत्यांना सांगायला नको. पटाशीला उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू सपाट लागते. नाही तर ती लाकडात सरळ उतरत नाही, वाकडी पळते. वडिलांची ती लाडकी पटाशी होती. माझं तोंड बघून तिला कळलं. ती रडली नाही, सबबी सांगितल्या नाहीत. "मग आता ती सपाट करायची कशी, ते दाखव," म्हणाली. कित्येक रविवार ती दगडावर घासत बसली. पटाशी बोटभर आखूड झाली आहे, पण सरळ चालते. भिंतीवरच्या आकारात आता खाली थोडी काळी कड दिसते. ती पुसू नये.

अट एकच: काचेत ठेवायचं नाही, कुलपात ठेवायचं नाही, आणि जोडा घेतल्याशिवाय द्यायचं नाही. स्वतःच्या वडिलांनाही नाही.

कलम सातवे. माझ्या मृत्यूच्या दिवशी करायचं काम.
या मृत्युपत्राचा व्यवस्थापक शेजारचा शिंपी राहील. मी गेल्याचं कळताच त्याने, दादाला निरोप धाडण्याआधी, गल्लीत हाक द्यावी आणि भिंतीवरची सगळी हत्यारं नेहमीच्या रीतीने लोकांना वापरायला द्यावीत. एकही मागे ठेवू नये. दादा कुलूप आणि टेम्पो घेऊन येईल तेव्हा भिंतीवर फक्त काळे आकार असावेत आणि जमिनीवर गल्लीभरचे डावे जोडे. जप्ती करायचीच तर त्यांची करावी. पुढे भाचीने सवडीने जोडे द्यावेत, हत्यारं घ्यावीत. धार तपासून.

भाचीने नकार दिला, तर त्या दिवशी ज्याच्या हातात जे असेल ते त्याचं.

कलम आठवे. किरकोळ.
समोरच्या बँकवाल्या काकांनी माझी करवत खिळ्यावर चालवली आणि वर "दात जन्मतःच वाकडे होते" म्हणाले. त्यांना हातोडी द्यावी, करवत कधीही देऊ नये. बँकेतली शिल्लक तेल आणि धारेचे दगड यांवर खर्च व्हावी. वहिनीला माझं शिवणकामाचं लाकडी कपाट. त्या दिवशी ती उठून आत गेली होती, ते मी विसरले नाही. शिंप्याला काही नाही, कारण साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकीलबाई म्हणतात. म्हणून त्याच्या कात्रीला मी जिवंत आहे तोवर धार लावीन.

कलम नववे. दादाचा जोडा.
तो दाराच्या आतल्या बाजूला, सगळ्यांत वरच्या खिळ्यावर आहे. दर वर्षी मी तो उतरवते, पुसते, पॉलिश करते. कातडं अजून मऊ आहे, टाके शाबूत आहेत. घेतलेली वस्तू जपायची हा नियम घेणाऱ्याला आहे, तसा ठेवून घेणाऱ्यालाही आहे. तो जोडा मी दादाला देत आहे, रंध्याच्या बदल्यात. भाचीने त्याच्याकडून रंधा घ्यावा, धार अंगठ्यावर पाहावी, आणि मगच जोडा खिळ्यावरून काढावा. धार नसेल तर त्याला दगडाशी बसवावं. तो कधी शिकला नाही, ती शिकवेल. लांब रंध्याची रिकामी जागा भिंतीच्या बरोबर मध्ये आहे, शोधावी लागणार नाही.

दादा, लंगडत आलास तरी चालेल. दार उघडं असेल.

ठिकाण: कामाची खोली, बाकाशी.
दिनांक: पटाश्यांना तेल द्यायचा, महिन्याचा पहिला सोमवार.
सही: धारवाली आत्या (सही माझीच आहे, हात थरथरलेला नाही)

आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांनी वाचून सही केली, आणि त्यांच्यादेखत आम्ही:
साक्षीदार एक: शेजारचा शिंपी
साक्षीदार दोन: डॉक्टरीणबाई (सही करतेवेळी एका पायात जोडा, गिरमिट माझ्याकडे आहे)