याचना कोण म्हणणार

११ ऑगस्ट १९९६, रविवार
ज्यानं आपल्याला बरं-वाईट ओळखायला शिकवलं, त्याच्याच हातून वाईट घडलं तर शिकवलेलं खोटं ठरतं का?

आज विहारात वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्मग्रंथाच्या वाचनाला होवाळ सर सांगलीहून आले. याचना नेहमीसारखी मीच म्हटली. मागितल्याशिवाय शील द्यायचं नसतं – आधी एकानं सरांकडे मागायचं, मागोमाग सगळ्यांनी म्हणायचं, मग सर पंचशील देतात. पूर्वी हे काम जाईबाईंचं होतं. मी बी.ए. झाले तेव्हा त्याच म्हणाल्या, "आता तू म्हण बाय. माजं दात पडल्यात, शब्द खाली सांडत्यात." सगळं विहार हसलं होतं.

वाचन सुटल्यावर जाईबाईंची नात स्वप्ना मला बाजूला घेऊन गेली. ती सांगलीत विश्रामबागला कॉलेजात आहे, दुसऱ्या वर्षाला. सरांच्या खोलीवर पाली शिकायला जाते. मीही जायचे, पण आम्ही चौघी असायचो. तिला ते एकटीला बोलावतात. ध्यान शिकवतो म्हणून हात धरून बसतात. तिनं सोडवला तरी पुन्हा धरतात.
"सर म्हणाले, गुरू-शिष्यातलं भायेर बोलायचं नसतं. ताई, असं असतंय व्हय?"
मी म्हटलं, बघते. बघते म्हणजे काय, कुणास ठाऊक.

१२ ऑगस्ट
घरचे माझं कॉलेज बंद करणार होते, तेव्हा सर एसटीनं आमच्या घरी आले होते. आण्णांसमोर मांडी घालून बसले. "पोरीला शिकू द्या, मी उठत नाही." आणि खरंच उठले नाहीत.
तो माणूस आणि हा माणूस – एकच?

१५ ऑगस्ट, गुरुवार
सरच सांगायचे – माझं चुकलं तर मला विचारा, नाहीतर तुम्ही विद्यार्थी कसले? म्हणून आज सांगलीला जाऊन त्यांनाच विचारलं. स्वप्नाचं नाव घेऊन विचारलं. ते रागावले नाहीत. चहा मागवला. "तू माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तुला एवढं कळू नये? ती मुलगी मनानं कच्ची आहे."
मला एसटीत बसवून दिलं. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे होते, अगदी पूर्वीसारखे. येताना रस्ताभर रडू आलं. शेजारची बाई म्हणाली, "कुणी वारलं का गं?"

१८ ऑगस्ट, रविवार
हे माझ्यामुळे झालं! सरांनी जाईबाईंना बाजूला घेऊन सांगितलं – पोरीचं लक्ष अभ्यासात नाही, वेळीच स्थळ बघा. जाईबाईंनी लगेच ठरवलं. "सर म्हनत्यात म्हंजी खरंच आसनार. कडेगावचं स्थळ आलंय. बास झालं कालिज."
मी नाव घेतलं नसतं तर सर असं बोलले नसते. स्वप्ना माझ्याकडे बघतही नाही.
याचना आजही मीच म्हटली होती. नुसते ओठ हलत होते.

२० ऑगस्ट
आण्णांना सांगितलं. ते चपलेचा अंगठा चाचपत बसले.
"खरं आसंल. पर गावात कळलं तर? ह्यांनी देव सोडलं आन् हे धरलं, म्हनून हसत्याल. आपल्याला शिकवाय येनारा योवढा एकच मानूस हाय."
"आणि स्वप्ना?"
"तिचं लगीन हुईल की."
आई भाकरी थापत होती. हात क्षणभर थांबले. मग पुन्हा थापू लागली.

२३ ऑगस्ट
विहार झाडलं. एकटीच होते. पूर्वी इथं बसलं की मन निवायचं.

२५ ऑगस्ट, रविवार
पावसानं एसटी आली नाही, सरही आले नाहीत. सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्याचीच लाज वाटली.
परतताना स्वप्ना भेटली. मंगळवारी, तीन तारखेला, पाहुणे बघायला येणार. मी विचारलं, "आजीला मी सांगू?"
"सांगा. माजं ती ऐकायची न्हाई." मग थोडं पुढं जाऊन म्हणाली, "तुमचं तरी कशावरनं ऐकंल?"
खरंच. सरांपुढे माझा शब्द तो काय? मला शब्दही त्यांनीच दिलेत.

३१ ऑगस्ट
जाईबाईंना सांगून आले. सगळं. त्या लसूण सोलत होत्या. "चहा घे" पण म्हणाल्या नाहीत.

१ सप्टेंबर, रविवार
विहार भरलेलं. सर आसनावर बसले, माझ्याकडे बघून मान हलवली. मी हात जोडले नाहीत.
"म्हण," सर म्हणाले.
"मला तुमच्याकडून शील मागायचं नाही, सर."
शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. आण्णांनी मान खाली घातली. मग सरांनी माझ्यामागे बघितलं. याचना तोंडपाठ असलेलं दुसरं माणूस तिथंच बसलं होतं. "जाईबाई, तुम्ही म्हणा."
जाईबाई गप्पच बसल्या.