सगुणाबाईचा जबाब न घेण्याबाबत

प्रति,
मेहेरबान तहसीलदारसाहेब,
तहसील कचेरी, तालुका भोकरदन, जिल्हा औरंगाबाद

विषय: मौजे राजूर येथील सगुणाबाई हिला जबाबासाठी न बोलावणेबाबत.
संदर्भ: वडिलांची वंशावळ दुरुस्त होणेबाबत माझा मागील अर्ज व त्यावरून निघालेले समन्स.

महोदय,

अर्जदार जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात नोकर आहे. उर्दू येत नसल्याने मराठीत लिहीत आहे. मुन्शीजींनी तर्जुमा करताना काही गाळू नये, ही हात जोडून विनंती.

१. माझे वडील कोंडिबा गेल्या वैशाखात इथे जालन्यात तापाने वारले. दहाव्याला भटजींनी त्यांच्या बापाचे, आजाचे नाव विचारले. सरकारी दप्तरात बाप म्हणून राजूरच्या बदरोद्दीनचे नाव आहे. भटजी दर्भ हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

२. तेव्हा दहाव्यासाठी राजूरहून आलेली बदरोद्दीनची विधवा जुबेदा तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "बेटा, मी त्याला कोंडा देऊन घेतल्तं. जन्म सगुणाबाईनं दिल्ता." साहेब परमुलखातले असल्यास सांगणे भाग आहे. आमच्याकडे जिची लेकरे जगत नाहीत, ती नवे लेकरू शेजारणीला सूपभर कोंड्याला विकते आणि मग परत आणून वाढवते. मरणाला वाटावे, हे तिचे नव्हे. सगुणाबाईची आधीची सगळी लेकरे गेलेली. तिने भीतीपोटी परत आणलेच नाही. मधली भिंत एक, पण वडील वाढले जुबेदाकडे; नाव व रीत मात्र तिने हिंदूचीच राखली. शिरगणतीचा माणूस आला तेव्हा सगुणाबाईनेच सांगितले, "मला लेकरू न्हाई. हे जुबेदाचं हाय." तिचा नवरा धर्मराज, जो आता हयात नाही, शेजारी उभा होता, त्यानेही मान डोलावली.

३. त्यावरून मी धर्मराज व सगुणाबाई यांची नावे लावून मिळावीत असा अर्ज केला. हुजुरांचा हुकूम झाला, की बाईने स्वतः कबुली द्यावी. हुकुमाबद्दल तक्रार नाही. पण समन्सात 'मयत कोंडिबा' असे आहे आणि चपराशी ते अंगणात उभा राहून मोठ्याने वाचणार. सगुणाबाईला वडील गेल्याचे माहीत नाही. तिचे डोळे गेले आहेत. जुबेदाने साऱ्या गल्लीला शपथ घातली आहे. म्हातारी रोज भिंतीआडून विचारते, "जुबेदा, तुझा कोंडिबा बरा हाय न्हं?" जुबेदा म्हणते, "बिलकुल बरा हाय," आणि चुलीशी बसून रडते.

४. मी जाऊन आलो. कोंडिबाचा लेक म्हटल्यावर तिने माझे तोंड चाचपले आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "जुबेदाचा नातू व्हय," म्हणाली. मला आजी म्हणायचे होते, म्हणता आले नाही. फार वाईट वाटले.

५. तरी समन्स मागे घ्यावे. वंशावळीत बदरोद्दीन राहिला तरी चालेल, भल्या माणसाचेच नाव आहे. विचारणे भागच असेल, तर चपराशाने "तुम्हाला मूल आहे काय" एवढेच विचारावे. ती नाही म्हणेल. तेच लिहून अंगठा घ्यावा. मुलाला आणखी एक दिवस जगवले, या समाधानाने ती घरात जाईल.

हुजुरांच्या दयेची वाट पाहणारा नम्र,
रामकिसन कोंडिबा
जुना जालना, माहे बहमन १३४८ फसली