फोटोत हसू नकोस

मार्सेय

माझ्या हट्टी वदादला,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि थोडं रागावणंही.

मी मजेत आहे. इथे माझ्या लेकाच्या, नाजीच्या घरात बटण दाबलं की दिवा लागतो. पहिल्या दिवशी मी दचकलेच.

काल तुझ्या शेजारच्या अबू तानियोसचा फोन आला. म्हणाला, "ओडेटताई, गावात फुकट डिझेलचा ट्रक आला, तर वदादनं दार लावून घेतलं. म्हणते, 'डिझेल पाठवणाऱ्यांच्या नेत्याची तसबीर हातात धरून फोटो काढू? त्यापेक्षा गारठून मरेन!' डिझेलची शेगडी आठवडाभर थंड आहे आणि खोकला थांबत नाही."

आणि मला लिहितेस, तब्येत ठणठणीत. खोटारडी!

राग तुझा नाही गं. एक बडा देश डिझेल देतो आणि आपल्याला मान वाकवायला लावतो. दुसरा वर्षभर गॅसची नुसती आश्वासनं देतो, वर पहिल्याकडून घ्याल तर याद राखा, असा दमही भरतो. आपले मंत्री दोघांच्या दारात उभे, आणि मेल्यांच्या घरचा जनरेटर कधी बंद पडत नाही.

आठवतं, शाळेत परदेशी दुधाची भुकटी यायची? सिस्टर आधी त्या देशाचं गाणं म्हणायला लावायच्या, मगच पेला द्यायच्या. सगळ्यांत मोठ्यानं तूच गायचीस. दूध अंगी लागलं. गाण्याची एक तरी ओळ आठवते का?

उन्हाळ्यात दही-गहू वाळवून केलेलं किश्क उरलंय ना? मांजर घरी येते का?

ट्रक शुक्रवारी पुन्हा येणार आहे. तसबीर धर, डबा भरून घे, शेगडी पेटव. फोटोत हसू नकोस, म्हणजे झालं.

तुझीच,
ओडेट