अण्णांचा लिथुआनिया

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली, आणि तुमच्या या मास्तरीण लेकीला आज कुठं कागद घ्यायची बुद्धी झाली. हसनाबादच्या शाळेतच बसून लिहून राह्यले. पोरं घरी गेलीत. आज जगाचा नवा नकाशा आला. उलगडला, तर पाचवीतल्या एका पोरीनं बराबर तिथंच बोट ठेवलं. "मॅडम, हा कोणता देश?"

लिथुआनिया, अण्णा! आणि मी काय केलं? "उद्या सांगते" म्हणाले आणि नकाशा गुंडाळून टाकला.

कुंभार पिंपळगावचा तुमचा तो शनिवारचा संस्कृतचा तास! औरंगाबादच्या जुन्या बाजारातून आणलेलं कव्हर फाटलेलं पुस्तक उघडून तुम्ही आम्हा आठवीच्या पोरांना लिथुआनियाचे आकडे म्हणायला लावायचे. त्रीस, केतुरी, पेंकी! शेजारी फळ्यावर संस्कृतातलं त्रि, चत्वारि, पंच. "एका घराच्या वाटण्या झाल्या, एक भाऊ लांब थंडीत जाऊन राह्यला. पण घरातली जुनी भांडी त्यानं मोडीत काढली न्हाईत," असं सांगायचे. तिथं अग्नीला उग्निस म्हणतात, मेंढीला अविस, आणि आपल्या संस्कृतात अवि. त्यावर धनगराची सखू उठून म्हणाली, "सर, मंग आमच्या मेंढरायला संस्कृत येतं का?" किती हसले होते तुम्ही! सखूनं दहाच्या दहा आकडे दोन दिवसांत पाठ केले. रानात मेंढरं त्याच आकड्यांनी मोजायची.

मला मात्र लाज वाटायची. पोरी "लिथुआनी" म्हणून चिडवायच्या. वर्गात तुम्ही सर, घरी अण्णा, मी दोन्हीकडून सापडलेली. आईजवळ जाऊन रडायचे, "अण्णांना सांग ना ते बंद करायला." तुम्हाला माहीत होतं का हे? असणारच. आपलं घर ते केवढंसं!

मंग तपासणीला ते साहेब आले. पोरांनी आकडे म्हटले, तर त्यांच्या कपाळाला आठ्या. "मास्तर, अभ्यासक्रम सोडून हे काय चालवलंय? आणि हा देश आहे तरी कुठे?" भिंतीवरच्या नकाशात तेव्हा तो सगळा रशियाच, एका रंगाचा. तुम्ही शांतपणे म्हणाले, "आमची सुमन दाखवेल."

मी उठले. नकाशासमोर जाऊन उभी राह्यले. मागं पोरी खुसखुसल्या. आणि मी म्हणाले, "साहेब, असा देशच न्हाई."

साहेब हसले, पोरी हसल्या. सखू तेवढी हसली न्हाई. पुढच्या शनिवारपासून त्या तासाला गणित बसलं. तुम्ही मला एका शब्दानं बोलले न्हाई. एक चापट तरी मारायची होती की हो! उलट जेवताना भाकरीचा पापुद्रा काढून माझ्याच ताटात वाढला, नेहमीसारखा.

कितीतरी वर्षांनी रेडिओवर बातमी आली, लिथुआनिया वेगळा झाला. मी तेव्हा माहेरी आल्ते, पोराला न्हाऊ घालत होते. तुम्ही ओट्यावरून हाक मारली, "सुमे, आला गं नकाशात!" मी "बरं झालं" म्हणाले. बस्स! तेव्हाच तुमचे पाय धरले असते तर? तुम्ही वाट बघून राह्यले होते का, अण्णा?

कारण खरं काय, ते आपल्या दोघांनाच माहीत. तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही मला त्या नकाशासमोर नेलं होतं. समुद्राच्या काठाला पेन्सिलीनं एक बारीक टिंब केलं होतं. "इथं बोट ठेव. घाबरू नको." साहेबांसमोर उभी होते तेव्हा ते टिंब मला दिसत होतं. चांगलं दिसत होतं.

उद्या नकाशा उघडते. पोरांना आधी आकडे शिकवते, मंग अग्नी, मंग मेंढी. आणि मंग सांगते, की हा देश माझ्या वडिलांनी मला दाखवला होता आणि मी भर वर्गात खोटं बोलले. हसले तर हसू द्या. त्या पोरीला पुन्हा नकाशाजवळ बोलावणार आहे. पण बोट आधी मी ठेवणार, अण्णा.

तुमची,
सुमी