बाबा आले आणि मी नाश्ता सोडलेला

१४ जून, शनिवार
बाबा आले. नागपूर ते इथे, मध्ये एक विमान बदलून, तरी शर्टाची इस्त्री मोडली नाही. बॅगेत कपडे कमी; ज्वारीचं पीठ, तिखट आणि चणे जास्त. आई गेल्यापासून पहिल्यांदाच घर सोडून निघालेत. माझ्या लेकीला, मैत्रीला, पाच वर्षं आजोबा फोनमधलेच माहीत, खरे दिसल्यावर लाजली. रात्री तर्री पोह्यांसाठी चणे भिजवताना त्यांच्या मांडीवर.
माझा नाश्ता बंद आहे, एकदम दुपारी एकला जेवते. बाबांना सांगितलं, वजनासाठी.

१६ जून, सोमवार
इथे तरी खरं लिहावं. पॉलीक्लिनिकच्या डॉक्टर म्हणाल्या, साखर काठावर आहे, पलीकडे गेलेली नाही. खाणं सुधारा, सप्टेंबरात परत रक्त. विचारलं, रात्रीपासून दुपारपर्यंत काही खाल्लं नाही तर? म्हणाल्या, तुम्हाला गोळ्या नाहीत, करून बघा.
आईचंही असंच काठावरून सुरू झालं होतं. शेवटी किडन्या. डायलिसिसला बाबाच न्यायचे, बाहेर बाकावर बसून राहायचे. त्यांना परत तोच 'काठावर' शब्द कसा ऐकवू?

१९ जून, गुरुवार
वाजलं. नवरा संदेश ऑफिसला, मैत्री बालवाडीत, मी घरूनच काम करते, म्हणजे दिवसभर आम्ही दोघंच. वाजणारच.
"आपल्या घरात उपास? तुझ्या आजीनं दीक्षा घेतली त्या दिवशी सोमवार, एकादशी, सगळं सोडलं. तू पीएचडी करून परत धरलं काय?"
म्हटलं, बाबा, हे देवासाठी नाही, तब्येतीसाठी आहे.
"तब्येतीसाठी पोट मारायचं! वा!"
लहानपणी आजोबांची मिलमधली नोकरी गेली तेव्हा बाबा खरंच उपाशी राहिलेत. भरल्या घरात कुणी जेवत नाही हे त्यांना बघवत नाही, मला कळतं. पण मी तरी काय करू.
त्यांची स्वतःची बशी मात्र रोज सकाळी धुऊन रॅकमध्ये उपडी. त्यांना मधुमेहाची गोळी असते, निदान ते वेळेवर खातात.

२२ जून, रविवार
बिनड्रायव्हरची छोटी ट्रेन, एलआरटी, बाबांना भारी आवडलीय. मैत्रीला घेऊन पुढच्या काचेशी बसतात, आमच्या पुंगोल भागाची फेरी मारून निघाले तिथेच उतरतात. "कुठे गेलो म्हणशील तर कुठेच नाही."
तिसऱ्या मजल्यावरच्या चिनी आंटीशी दोस्ती. भेटली की, "अंकल, यू ईट ऑलरेडी?" बाबा खूश. "चांगलं गाव आहे. नमस्काराच्या जागी जेवले का विचारतात." मग माझ्याकडे बघून, "तुला नाही विचारत?"
पोचला टोमणा.

२५ जून, बुधवार
दुपारच्या आधी मीटिंगमध्ये होते, दारावर थापा. आंटी. "युअर फादर व्हेरी डिझी! कम, कम!"
खाली बाकावर बाबा. घामानं चिंब, ओठ पांढरे. आंटीनं कॉफी शॉपमधून गोड मायलो आणून पाजलं होतं. "ही नेव्हर ईट, लाह! आय आस्क, ही शेक हेड."
नेव्हर ईट?
क्लिनिकला नेलं. साखर एकदम खाली. सकाळची मधुमेहाची गोळी घेतलेली, पोटात फक्त चहा. बरेच दिवस हेच चाललं होतं. पोहे परत डब्यात, बशी धुऊन रॅकला, आणि मग एकला माझ्याबरोबर जेवण. आजवर निभावलं, आज उन्हातून चालून आले. आणि ते डब्यातले पोहे संध्याकाळी संदेश खायचा. "आज पण उरले वाटतं!" कौतुकानं. नवराच तो.
घरी आल्यावर मी ओरडले, रडले. काहून केलं असं? त्यांनी मला शेजारी बसवलं. मग म्हणाले, "तुझी आई गेल्यापासून एकट्यानं घास उतरत नाही, माय. तिकडे टीव्ही लावतो, अर्धं खातो. म्हटलं, पोरीकडे जाऊ, सोबत जेवू. तर तू…"
तर मी.
मग मीही सांगितलं. काठावरची साखर, आईची भीती, सगळं. त्यांनी हात धरला. "काठावरच आहे ना अजून? मग एवढं लपवायचं असतं काय?"
म्हटलं, तुम्ही बोलताय!

२७ जून, शुक्रवार
दोघं डॉक्टरांकडे. तोडगा बाबांचाच. सकाळचं सोडू नको, रात्रीचं सोड. "पौर्णिमेला अष्टशील घेतो, तेव्हा बारानंतर जेवतो का आपण? तसंच कर. रोज बारा नाही जमत तर चारपर्यंत ओढ. हे काही उपास नाही, हे आपलंच आहे."
हसू दाबलं. डॉक्टर म्हणाल्या, चालेल. बाबा लगेच, मीही करतो. "नो, अंकल. नॉट यू." गोळ्या असताना जेवण चुकवायचं नाही.
बसमध्ये म्हटलं, तुम्ही पंचशीलच पाळा. त्यातलं चौथं, खोटं बोलू नये. बशी धुऊन ठेवणं त्यात येतं.
स्टॉप येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

१० जुलै, गुरुवार. आषाढी पौर्णिमा
पांढरे कपडे, मेणबत्ती, वंदना. मैत्रीचं त्रिशरण इंग्रजी वळणाचं, पण पाठ. मी अष्टशील घेतलं. रात्री बाबा माझ्यासमोर जेवायला संकोचले. मी शेजारी पाणी पीत बसले, त्यांची भाकरी संपेपर्यंत. भूक होती. पण बरं वाटत होतं. आई असती तर दोघांनाही हसली असती.

१३ जुलै, रविवार
बाबा गेले. ठरलंय: माझे नऊ, त्यांचे साडेसहा, फोनवर सोबत नाश्ता. ओट्यावर चण्यांची पिशवी विसरलेत. की मुद्दाम ठेवलीय.

७ सप्टें., रविवार
उद्या रक्त द्यायचं, उपाशीपोटी. म्हणजे नऊला मला खाता येणार नाही. बाबांना सांगितलं.
"मग मीही थांबतो. तुझं झालं की सोबत खाऊ."
आणि गोळी?
बाबा, उद्या तुम्ही खा, मी बघते. प्लीज. "बघू," म्हणाले. त्यांचं "बघू" मला लहानपणापासून माहीत आहे.

८ सप्टें., सोमवार
क्लिनिकमध्ये बसून लिहितेय. नऊला माझा नंबर अजून यायचा होता. फोन लावला. स्वयंपाकघर, मागे आईची खुर्ची, पुढ्यात पोहे. हात लावलेला नाही.
"झालं रक्त?" नाही. "भूक लागली?" हो. खूप.
मग त्यांनी फोन तेलाच्या बरणीला टेकवला, पोह्यांवर तर्री घातली आणि घास घेतला. माझ्याआधी. चावताना डोळे भरून आले.
"तिखट झालं," म्हणाले.
म्हटलं, अजून एक घ्या.
घेतला.
आता रक्त देऊन झालं. पिशवीतून डबा काढलाय. रिपोर्ट गुरुवारी.